मिथेनच्या पट्ट्याखाली फॉस्फरस कुठे जातो?

समुद्रातल्या फॉस्फरसचा हिशेब शेवटी गाळातच मिटतो. नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जाऊ शकतो, कार्बनही जाऊ शकतो. फॉस्फरसला ती वाट जवळजवळ नाहीच. नद्यांनी आणलेला फॉस्फरस प्लवक वापरतात, प्लवक मेले की तो त्यांच्याबरोबर तळाशी बसतो, त्यातला बराचसा पुन्हा पाण्यात सुटतो आणि उरलेला गाळात गाडला जातो. प्लवकांच्या शरीरात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं सरासरी प्रमाण १०६:१६:१ असतं. म्हणजे गाळातून सुटलेल्या फॉस्फरसच्या एका अणूवर शंभराहून जास्त कार्बन अणूंचं नवं सेंद्रिय द्रव्य उभं राहू शकतं. ते तळाशी जाऊन कुजताना आणखी ऑक्सिजन खातं, आणि ऑक्सिजन संपला की गाळ आणखी फॉस्फरस सोडतो. बाल्टिक समुद्रात हे दुष्टचक्र गेली अनेक दशकं चालू आहे. तिथलं कमी ऑक्सिजनचं क्षेत्र शतकभरात सुमारे ५,००० चौरस किलोमीटरवरून ६०,०००च्या पुढे गेलं.

या चक्राचं पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरण १९३० आणि १९४०च्या दशकांत आइन्सेले आणि मॉर्टिमर यांनी तळ्यांवर केलेल्या कामातून आलं. गाळाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन असतो तोवर लोहाची गंजासारखी ऑक्साइडं फॉस्फेटला धरून ठेवतात. ऑक्सिजन गेला की लोहाचं क्षपण होतं (ते इलेक्ट्रॉन घेतं), ते विरघळतं आणि फॉस्फेट मोकळा होतो. हे बरोबर आहे, पण ते वरच्या काही मिलिमीटर-सेंटिमीटरांपुरतं. त्याखाली, विशेषतः जिथे मिथेन पृष्ठभागाजवळ येऊन ठेपलेला असतो तिथे, फॉस्फरसचं पुढचं सगळं नाट्य घडतं. मिथेन तिथे दोन कामं करतो: एका थरात फॉस्फेट सोडवतो आणि त्याच्या थोडं खाली तोच फॉस्फेट खनिजात अडकवायला मदत करतो. दोन्हींतलं कोणतं काम वरचढ ठरतं, ते लोह आणि सल्फाइड यांच्या हिशेबावर ठरतं. आणि प्रयोगशाळेतली रूढ निष्कर्षण पद्धत हा अडकलेला फॉस्फरस चुकीच्या खात्यात मांडते, म्हणून तो बराच काळ नजरेतून सुटला.

बोथनियन समुद्राचं उदाहरण

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधला बोथनियन समुद्र, बाल्टिकचा उत्तरेकडचा भाग. इथली क्षारता (पाण्याच्या हजार भागांत मीठ किती) ५ ते ६, म्हणजे खुल्या महासागराच्या साधारण एक षष्ठांश. क्षारता कमी म्हणजे सल्फेटही त्याच प्रमाणात कमी. महासागराच्या पाण्यात सल्फेट २८ मिलिमोलर (लिटरमागे २८ मिलिमोल) असतं, इथे ५च्या आसपास. शिवाय भोवतालच्या जंगलांतून आणि दलदलींतून येणाऱ्या नद्या भरपूर लोह आणतात. तळाच्या पाण्यात ऑक्सिजन असतो, पण गाळात तो थोड्याच मिलिमीटरांत संपतो.

गाळात ऑक्सिजन संपल्यावर सूक्ष्मजीव पुढचे ऑक्सिडीकारक क्रमाने वापरतात: नायट्रेट, मँगनीज ऑक्साइड, लोह ऑक्साइड, मग सल्फेट. सल्फेटही संपलं की मिथेन तयार होऊ लागतो. खालून वर येणारा मिथेन आणि वरून खाली झिरपणारं सल्फेट जिथे भेटतात त्याला सल्फेट-मिथेन संक्रमण पट्टा म्हणतात. महासागराच्या गाळात हा पट्टा कित्येक मीटर खोल असू शकतो. बोथनियन समुद्रातल्या, २१४ मीटर पाण्याखालच्या ज्या जागेचा सर्वांत तपशीलवार अभ्यास झाला आहे, तिथे तो गाळाच्या ४ ते ९ सेंटिमीटर खोलीवर आहे. सल्फेट मुळात थोडं आणि कुजायला द्रव्य पुरेसं, त्यामुळे मिथेनला वर यायला फारसा अडसर नाही.

या पट्ट्यात मिथेनचं ऑक्सिजनविना ऑक्सिडीकरण होतं. आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) आणि सल्फेट-क्षपणकारी जीवाणू एकत्र गुठळ्या करून राहतात आणि हे काम करतात. अशा गुठळ्यांचं थेट दर्शन २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून घडलं. हिशेब सरळ आहे: मिथेनचा एक रेणू आणि सल्फेटचा एक आयन खर्च होतो, बायकार्बोनेट आणि सल्फाइडचा एकेक आयन बाहेर पडतो. हा सल्फाइडच फॉस्फरसच्या मुळावर येतो. तीन सल्फाइड दोन लोह ऑक्साइडांचं क्षपण करतात. त्यातून लोह सल्फाइडचे दोन आणि मूलद्रव्यी गंधकाचा एक भाग होतो. ऑक्साइडाला चिकटलेल्या फॉस्फेटला आता धरून ठेवणारं काही उरत नाही. लोह मात्र सल्फाइडमध्ये बद्ध होतं, म्हणून वर जाणाऱ्या फॉस्फेटबरोबर लोह जात नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पृष्ठभागावर ऑक्सिजन परत आला तरी फॉस्फेट पकडायला लोह पुरेसं हवं, आणि पाण्यातल्या विरघळलेल्या लोहाचं फॉस्फरसशी मोलर प्रमाण साधारण २च्या खाली असेल तर सगळा फॉस्फेट पकडला जात नाही. गोड्या पाण्यातली तळी आणि समुद्र यांच्यातला मोठा फरक इथेच आहे. समुद्रात सल्फेट जास्त, म्हणून सल्फाइड जास्त, म्हणून मोकळं लोह कमी.

आता पट्ट्याच्या खाली पाहू. बोथनियन समुद्रात सल्फेट थोडं असल्यामुळे सल्फाइडही लवकर संपतं आणि लोह शिल्लक राहतं. शिवाय गेल्या काही दशकांत पोषकद्रव्यं वाढल्यामुळे हा पट्टा वर सरकला आहे. तो हळूहळू वर आला असता तर सल्फाइडने वाटेतली ऑक्साइडं खाऊन टाकली असती. तो झपाट्याने वर आला, म्हणून बरीच लोह ऑक्साइडं न वापरता पट्ट्याखाली, मिथेनमध्ये बुडलेली राहिली. तिथे मिथेनला सल्फेटऐवजी लोह ऑक्साइडच ऑक्सिडीकारक म्हणून मिळतं. लोह आणि मँगनीजवर चालणारं मिथेनचं ऑक्सिडीकरण सागरी गाळात शक्य असल्याचं २००९ मध्ये दाखवलं गेलं. बोथनियन गाळात १३-कार्बनने (कार्बनच्या जड समस्थानिकाने) खूण केलेला मिथेन घालून केलेल्या प्रयोगांनी २०१५ मध्ये तिथेही ते घडू शकतं, याला आधार दिला.

मिथेनच्या हिशेबात हा मार्ग छोटा आहे. बहुतेक मिथेन सल्फेटवरच संपतो. लोहाच्या हिशेबात मात्र तो मोठा ठरतो, कारण मिथेनच्या एका रेणूमागे आठ लोह अणूंचं क्षपण होतं. माझ्या मते या विषयातली सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. कार्बनच्या ताळेबंदात किरकोळ दिसणारी प्रक्रिया लोह-फॉस्फरसच्या ताळेबंदात निर्णायक असू शकते, आणि फक्त मिथेनच्या नजरेने पाहिलं तर ती वगळली जाते.

सल्फाइड नाही, विरघळलेलं लोह मिलिमोलरच्या घरात, फॉस्फेटही भरपूर, अशा पाण्यात व्हिव्हियनाइट तयार होतं. हे द्विसंयुजी लोहाचं फॉस्फेट: लोहाचे तीन अणू, दोन फॉस्फेट, आठ रेणू पाणी. बोथनियन समुद्राच्या त्या जागी पट्ट्याखाली पुरल्या जाणाऱ्या एकूण फॉस्फरसपैकी ४० ते ५० टक्के व्हिव्हियनाइटमध्ये आहे. त्या खनिजात वजनाने सुमारे ४ ते ८ टक्के मँगनीजही आहे, गोड्या पाण्यातल्या व्हिव्हियनाइटसारखंच. एपेटाइट (कॅल्शियम फॉस्फेटचं खनिज) म्हणजेच सागरी फॉस्फरसचं खरं गाडणं, असं मानणाऱ्यांना हा आकडा विचार करायला लावणारा आहे.

हा साठा कायमचा नाही, हेही लगेच सांगायला हवं. सल्फाइड पोचलं की व्हिव्हियनाइट विरघळतं, लोह सल्फाइड बनतं आणि फॉस्फेट पुन्हा मोकळा होतो. क्षारता वाढली किंवा सेंद्रिय द्रव्य कमी होऊन पट्टा खाली सरकला तर वरचा व्हिव्हियनाइटचा थर सल्फाइडच्या वाटेत येतो. काळ्या समुद्रात हे मोठ्या प्रमाणावर दिसतं. तो एकेकाळी गोड्या पाण्याचा तलाव होता; भूमध्य समुद्राचं पाणी आत आल्यावर सल्फेट आलं, आणि तेव्हापासून सल्फाइडची आघाडी जुन्या तलावाच्या लोहयुक्त गाळात खाली खाली उतरते आहे. आघाडीच्या वर लोह सल्फाइडं, खाली व्हिव्हियनाइटला अनुकूल पाणी. अशा गाळातला फॉस्फरसचा आलेख वाचताना, त्या थरातला फॉस्फरस तो थर साचला त्याच काळचा आहे असं गृहीत धरलं तर भूतकाळाचा अर्थ साफ चुकतो. खालून वर, वरून खाली सरकलेला फॉस्फेट दुसऱ्याच काळच्या थरात जाऊन बसलेला असतो.

नमुना घेताना

पृष्ठभागाचा थर शाबूत हवा असेल तर मल्टिकोअरर (एका वेळी अनेक नळ्या गाळात अलगद रोवणारं उपकरण) किंवा तत्सम हलकं उपकरण लागतं, ज्यात गाळावरचं पाणी नितळ वर येतं. पाणी गढूळ आलं तर ती नळी मिथेनसाठी, फॉस्फेटसाठी, कशासाठीच वापरू नये. खोलवर जायचं तर ग्रॅव्हिटी कोअरर, म्हणजे स्वतःच्या वजनाने गाळात घुसणारी लांब नळी, पण तो वरचे दहा-वीस सेंटिमीटर उडवून देतो. मग दोन्ही नळ्या जुळवाव्या लागतात. सल्फेट आणि क्लोराइडचे आलेख एकमेकांवर बसवून खोलीचा फरक काढावा. केवळ रंग पाहून जुळवणं फसवं असतं. बोथनियनसारख्या ठिकाणी पट्टाच ४ ते ९ सेंटिमीटरवर असतो, म्हणून ग्रॅव्हिटी कोअरने एकट्याने काम केलं तर सगळा मुद्दाच हातातून निसटतो.

मिथेनचा नमुना सर्वांत आधी. नळीला आधीच ठरावीक अंतरावर, साधारण अडीच सेंटिमीटरवर, छिद्रं पाडून ती टेपने बंद केलेली असावीत. नळी डेकवर येताच टेप कापून, टोक कापलेल्या सिरिंजने १० मिलिलिटर ओला गाळ घ्यायचा आणि सरळ ६५ मिलिलिटरच्या, मिठाच्या संपृक्त द्रावणाने काठोकाठ भरलेल्या काचेच्या बाटलीत सोडायचा. मीठ दोन कामं करतं: सूक्ष्मजीवांची क्रिया थांबवतं आणि मिथेनला पाण्यातून वायूत ढकलतं. रबरी बुचाने बाटली बंद करायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. प्रयोगशाळेत १० मिलिलिटर नायट्रोजनची वायुपोकळी तयार करून, हलवून, स्थिरावू देऊन गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजायचं.

यात हमखास चुकणारी गोष्ट म्हणजे दाब. सामान्य हवेच्या दाबाला थंड पाण्यात मिथेन जेमतेम दीड-दोन मिलिमोलर विरघळतो. दोनशे मीटर खोलीवर दाब वीसपटीहून जास्त, म्हणून विद्राव्यताही तितकीच जास्त. नळी वर येताना जास्तीचा मिथेन बुडबुडे होऊन निसटतो. आलेखात मिथेन वाढत वाढत एकदम दोन मिलिमोलरच्या आसपास सपाट झाला किंवा वेडावाकडा झाला, तर ती तिथली खरी संहती नव्हे, उरलेला मिथेन आहे. असे बिंदू किमान मूल्य म्हणूनच वापरावेत. पट्ट्याची खोली ठरवायला मात्र त्यांची गरज नसते; सल्फेट कुठे संपतं आणि मिथेन कुठे दिसू लागतो तेवढं पुरतं.

कणांमधलं पाणी, म्हणजे रंध्रजल, काढायचे दोन मार्ग. एक, रायझॉन: ०.१५ मायक्रॉन छिद्रांच्या बारीक नळ्या छिद्रांतून गाळात खुपसून सिरिंजच्या ओढीने पाणी घ्यायचं. पहिला थोडा भाग टाकून द्यायचा. दोन, नायट्रोजन भरलेल्या ग्लव्ह बॅगमध्ये गाळाच्या चकत्या कापून, बंद नळ्यांत सेंट्रिफ्यूज करून, ०.४५ मायक्रॉन गाळणीतून पाणी काढायचं. रायझॉन झटपट आहे, पण ओढीमुळे कार्बन डायऑक्साइड निसटून आम्लता घटते, आणि फार पाणी ओढलं तर शेजारच्या थरातलं पाणी येऊन आलेख सपाट होतो. जिथे पट्टा पाच सेंटिमीटरचा आहे तिथे मी चकत्यांनाच पसंती देईन: वरचे दोन सेंटिमीटर अर्ध्या सेंटिमीटरच्या, पुढे एक-एक सेंटिमीटरच्या.

पाणी हातात आल्यावर मिनिटं मोजावी लागतात. सल्फाइडसाठीचा भाग सर्वांत आधी: अर्धा मिलिलिटर पाणी दोन मिलिलिटर २ टक्के झिंक अ‍ॅसिटेटच्या द्रावणात, पृष्ठभागाखाली सोडून. लोह, मँगनीज आणि फॉस्फरससाठीचा भाग लगेच तीव्र, शुद्ध हायड्रोक्लोरिक आम्लाने आम्लित करायचा. दर मिलिलिटरला १० मायक्रोलिटर पुरतं. आम्ल घालायला उशीर झाला की लोह हवेत ऑक्सिडाइज होऊन नारिंगी गाळ बसतो आणि तो फॉस्फेटलाही सोबत घेऊन जातो. याची खूण ओळखायला सोपी आहे: लोह आणि फॉस्फेट दोन्ही त्याच नमुन्यात एकदम खाली पडलेले, मँगनीज मात्र शेजारच्या नमुन्यांसारखंच. असा बिंदू दिसला की तो आलेखातला रंजक खळगा समजू नये. सल्फेटच्या भागातून आधी सल्फाइड काढून टाकावं, नाहीतर बाटलीतच त्याचं सल्फेट होतं आणि पट्ट्याखालीही थोडं सल्फेट शिल्लक असल्याचा भास होतो. मॉलिब्डेनम ब्लू पद्धतीने (द्रावणाच्या निळ्या रंगाच्या गडदपणावरून) फॉस्फेट मोजतानाही सल्फाइड रंगात ढवळाढवळ करतं; आम्ल घालून नायट्रोजन फुंकून ते घालवावं.

पाच पायऱ्या आणि त्यांतली फसगत

गाळातल्या घन फॉस्फरसचे प्रकार वेगळे करायला जगभर कॅथलीन रुटेनबर्ग यांनी १९९२ मध्ये मांडलेली क्रमवार निष्कर्षण पद्धत वापरतात. आज प्रयोगशाळांत तिची किंचित सुधारलेली रूपं चालतात. सुमारे ०.१ ग्रॅम वाळवलेला, दळलेला गाळ घ्यायचा. पहिल्या पायरीत १ मोलर मॅग्नेशियम क्लोराइड, सामू ८, अर्धा तास: सैल चिकटलेला फॉस्फरस. दुसरीत सायट्रेट-डायथायोनाइट-बायकार्बोनेट, सामू ७.६, आठ तास: लोहाशी बांधलेला. तिसरीत १ मोलर सोडियम अ‍ॅसिटेट, अ‍ॅसिटिक आम्लाने सामू ४, सहा तास: गाळातच तयार झालेलं एपेटाइट. चौथीत १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, चोवीस तास: खडकांतून आलेलं एपेटाइट. शेवटी उरलेला गाळ ५५० अंश सेल्सिअसला दोन तास भाजून पुन्हा त्याच आम्लात: सेंद्रिय फॉस्फरस. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीनंतर मॅग्नेशियम क्लोराइडने एकदा धुवायचं आणि ते पाणी त्याच पायरीच्या बेरजेत धरायचं.

दुसऱ्या पायरीचं द्रावण ०.३ मोलर सायट्रेट आणि १ मोलर बायकार्बोनेटचं. त्यात लिटरला २५ ग्रॅम डायथायोनाइट वापरण्याच्या क्षणी घालायचं. सकाळी करून ठेवलेलं द्रावण दुपारी अर्धं मेलेलं असतं. या पायरीचा फॉस्फरस मॉलिब्डेनम ब्लूने मोजू नये, सायट्रेट आणि डायथायोनाइट रंग बिघडवतात. आयसीपीवर (प्लाझ्माच्या उष्णतेत मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर), त्याच द्रावणात केलेल्या मानकांसह मोजावा. द्रावण खारट असतं, पुरेसं पातळ केलं नाही तर यंत्राचा फवारा करणारा नेब्युलायझर तुंबतो. तिसऱ्या पायरीत चुनखडीयुक्त गाळ असेल तर कार्बन डायऑक्साइडने नळीचं झाकण फुगतं, अधूनमधून दाब सोडावा, आणि शेवटी सामू खरंच ४च्या आसपास आहे का ते तपासावं. चुनखडीने आम्ल खाऊन टाकलं तर एपेटाइट पुरतं विरघळत नाही आणि पुढच्या पायरीत जाऊन बसतं. पाचही पायऱ्यांची बेरीज स्वतंत्रपणे काढलेल्या एकूण फॉस्फरसशी दहा टक्क्यांच्या आत जुळली नाही, तर ते निकाल मी वापरणार नाही.

मुख्य फसगत दुसऱ्या पायरीत आहे. व्हिव्हियनाइट याच पायरीत विरघळतं, आणि तक्त्यात त्याची नोंद लोह ऑक्साइडांना चिकटलेला फॉस्फरस अशीच होते. म्हणून पट्ट्याखाली, जिथे सल्फेट नाही आणि लोह विरघळलेलं आहे, तिथे दुसऱ्या पायरीचा फॉस्फरस वाढताना दिसला तर आधी शंका घ्यायची. त्या पायरीत विरघळलेलं लोह पाहून निर्णय करता येत नाही, कारण लोह सल्फाइडाचा काही भागही तिथेच विरघळतो.

व्हिव्हियनाइट आहे हे डोळ्यांनी दाखवावं लागतं. ओला गाळ नायट्रोजनमध्ये सुमारे ४० मायक्रॉनच्या चाळणीतून धुतला की वर उरलेल्या कणांत सूक्ष्मदर्शकाखाली गडद निळे गोळे दिसतात. ताजं व्हिव्हियनाइट रंगहीन असतं, हवा लागली की निळं पडतं. सुईने ते वेचून क्ष-किरण विवर्तनात टाकले की तांब्याच्या किरणांना सुमारे १३.१ अंशांवर त्याचं ठळक शिखर येतं. संपूर्ण गाळाचं विवर्तन केलं तर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, कारण खनिज एकूण वजनाच्या मानाने फार थोडं असतं. त्यावरून ते नाही असा निष्कर्ष काढणं ही नेहमीची चूक आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर घटकांचं प्रमाण काढताना लोह आणि मँगनीज मिळून फॉस्फरसच्या दीडपट यायला हवेत. फक्त लोह धरलं तर गुणोत्तर कमी येतं आणि खनिज ओळखता येत नाही. राळेत बसवलेल्या अखंड तुकड्यावर सूक्ष्म क्ष-किरण प्रतिदीप्तीचा नकाशा काढला तर लोह आणि फॉस्फरस एकाच ठिपक्यात आहेत आणि गंधक तिथे नाही, हे सरळ दिसतं.

आता साठवण. ऑक्सिजनहीन गाळ हवेत उघडा राहिला तर पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) ऑक्सिडाइज होतं, सल्फ्युरिक आम्ल तयार होतं, ते एपेटाइट विरघळवतं आणि सुटलेला फॉस्फेट नव्याने बनलेल्या लोह ऑक्साइडांवर बसतो. निकालात एपेटाइट कमी आणि लोहबद्ध फॉस्फरस जास्त, म्हणजे नेमकं उलटं चित्र. चुनखडी नसलेल्या गाळात हे सर्वांत जास्त होतं, कारण आम्ल शमवणारं काही नसतं. जुन्या संग्रहातले, वर्षानुवर्षं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले नमुने या कामासाठी निरुपयोगी समजावेत. गाळ गोठवून, ऑक्सिजनविना वाळवून, अक्रिय वायूच्या ग्लव्ह बॉक्समध्येच अगेटच्या खलात दळावा, आणि निदान पहिल्या दोन पायऱ्या तिथेच कराव्यात.

आकडेमोड

रंध्रजलातून व्हिव्हियनाइट बनू शकतं का हे सांगणारा संपृक्तता निर्देशांक काढताना लोहाची सक्रियता (प्रत्यक्ष परिणामकारक संहती) तिसऱ्या घातात आणि फॉस्फेटची दुसऱ्या घातात येते, म्हणून छोट्या चुका मोठ्या होतात. सामूची चूक सर्वांत महाग. सामान्य गाळाच्या सामूला फॉस्फेटचा अगदी थोडा अंश त्रिऋण आयन म्हणून असतो, आणि सामू एकाने वाढला की तो अंश साधारण दसपट होतो. वर्ग केल्यावर निर्देशांक दोनाने सरकतो. रायझॉनमध्ये कार्बन डायऑक्साइड निसटून सामू ०.३ने जास्त दिसला तर निर्देशांक फुकटात ०.६ने वाढतो, आणि जेमतेम संपृक्त पाणी अतिसंपृक्त भासतं. सामू अखंड नळीत सूक्ष्म विद्युतअग्राने मोजावा.

पृष्ठभागातून बाहेर पडणारा फॉस्फेट फिकच्या नियमाने काढतात: संहतीचा उतार जितका तीव्र, तितकं विसरण जास्त. उदाहरणादाखल: सच्छिद्रता ०.९, तापमान ५ अंश, एका सेंटिमीटरमध्ये १०० मायक्रोमोलरचा फरक. वळणावळणाचा मार्ग धरून विसरण गुणांक ४.१ वरून सुमारे ३.४ गुणिले १० चा उणे सहावा घात, चौरस सेंटिमीटर दर सेकंदाला. उत्तर येतं दर चौरस मीटरला दिवसाला साधारण ०.२६ मिलिमोल, वर्षाला जवळजवळ ३ ग्रॅम फॉस्फरस. खरा उतार तीन मिलिमीटरांत असेल आणि चकती एक सेंटिमीटरची असेल तर हे उत्तर कित्येक पटींनी कमी येतं. शक्य असेल तर गाळावरचं पाणी बंदिस्त करून, काही तासांनी फॉस्फेटची वाढ मोजून पडताळावं.

कोकणाच्या किनाऱ्यासमोर

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर परिस्थिती वेगळी आहे, पण प्रश्न तोच लागू होतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खालचं कमी ऑक्सिजनचं पाणी उथळ भागात चढतं, वर पावसाच्या गोड्या पाण्याचं झाकण बसतं, आणि साधारण ऑगस्टपासून सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरपर्यंतच्या भागात तळाचा ऑक्सिजन संपत येतो. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली हे जगापुढे मांडलं. गोव्यात कांदोळीसमोरच्या नियमित निरीक्षणांत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइडही आढळतं. आतल्या खंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) गाळात वायू साठल्याच्या खुणा ध्वनितरंगी सर्वेक्षणांत दिसतात. वायूमुळे खालचे थर झाकोळले जातात. आणि जांभ्याच्या प्रदेशातून येणाऱ्या मांडवी-जुवारीसारख्या नद्या लोहयुक्त गाळ आणतात.

इथे सल्फेट पूर्ण २८ मिलिमोलर, म्हणजे सल्फाइडची क्षमता बोथनियनच्या जवळपास सहापट. पट्ट्याखाली व्हिव्हियनाइटला जागा मिळायची तर लोहाने एवढा सल्फाइड पचवून वर उरलं पाहिजे, म्हणून शोध तिथूनच सुरू करावा जिथे नदीचा लोहयुक्त गाळ जास्त आणि वायू उथळ आहे. रंध्रजलात सल्फाइड शून्य झाल्यावर त्याखाली विरघळलेलं लोह चढतं का, ही पहिली चाचणी. ते चढत नसेल तर सुई घेऊन निळे गोळे वेचायला बसू नये. अरबी समुद्रात आणखी एक काळजी लागते: ऑक्सिजन-किमान पट्ट्याखालच्या (समुद्राच्या पाण्यातल्या सर्वांत कमी ऑक्सिजनच्या थराखालच्या) गाळात माशांची हाडं आणि खवले भरपूर असतात, आणि ते तिसऱ्या पायरीत विरघळून गाळात बनलेल्या एपेटाइटची बेरीज फुगवतात. त्यामुळे चाळणीवरच्या कणांत हाडांचे तुकडे आहेत का ते आधी पाहावं. आणि एकाच जागेच्या नळ्या निदान दोनदा घ्याव्यात, एकदा सप्टेंबरच्या शेवटी आणि एकदा जानेवारी-फेब्रुवारीत ऑक्सिजन परतल्यावर, त्याच जाडीच्या चकत्यांनी. वरच्या सेंटिमीटरातला लोहबद्ध फॉस्फरस दोन ऋतूंत किती बदलतो ते पट्ट्याखालच्या साठ्याशेजारी ठेवलं, की दरवर्षी परत सुटणारा फॉस्फरस किती आणि खरोखर गाडला जाणारा किती, हे वेगळं करता येतं.